दुकानाची फळी आणि छावणीचा बाजार

दुकान बंद केले, असे आपला जुना दुकानदार कधी म्हणत नसे. तो म्हणे, दुकान वाढवले. दिवा विझत नाही, वाढवला जातो. बांगडी फुटत नाही, वाढते. त्याच न्यायाने दुकानही वाढवले जाते. बंद होणे हा शब्द धंद्याच्या बाबतीत अशुभ. आजच्या विषयाकडे वळण्यापूर्वी हा शब्द आम्ही मुद्दाम आठवतो आहोत. कारण दुकान कसे मिटावे, कोणी मिटावे आणि मिटल्यावर त्याचा रस्त्याकडचा चेहरा कसा असावा, हा प्रश्न वरवर पाहता कुलूपवाल्याचा आणि लोहाराचा वाटतो. वस्तुतः तो गावाच्या राज्यकारभाराचा प्रश्न आहे. आणि देहूरोडसारख्या छावणीच्या गावात तर तो फारच आहे.

प्रथम वस्तूचीच ओळख करून घेऊ. पेठेतले जुने दुकान म्हणजे वाड्याच्या रस्त्याकडील बाजूचा एक खण. पुढे हातभर उंचीचा ओटा, त्यावर गादी, आणि मागे माल. दुकानाला दार असे नसेच. खाली उंबऱ्यात एक खाच, वर तुळईत दुसरी खाच, आणि त्या दोन खाचांत एकीमागून एक सरकवायच्या सागवानी फळ्या. फळ्यांवर आकडे घातलेले असत, कारण प्रत्येक फळी आपल्याच जागी बसे. तिसरी फळी पाचवीच्या जागी घातली की सगळी रांग अडे. शेवटची फळी बसली की आडवी लोखंडी पट्टी आणि तिला कुलूप. सकाळी हाच क्रम उलट. आमच्या लहानपणी एका नातलगाच्या दुकानात फळ्या उतरवण्याचा मान आम्हांला सुटीत मिळे, आणि पावसाळ्यात फुगलेली फळी हलवताना त्या मानाची किंमतही कळे.

आता कोणीही चोर म्हणेल की लाकडाची फळी ती काय! आणि त्याचे म्हणणे बरोबरच आहे. फळी ही संरक्षणाची वस्तू नव्हतीच. संरक्षण माणसाकडे होते. पेशवाईतील पुण्यात थोरल्या माधवरावांच्या अमदानीत १७६४ साली कोतवालीची घडी बसवण्यात आली. बाजारभावावर नजर, वजनमापे, जमिनीच्या खरेदी-विक्रीची नोंद, भांडणांचा निवाडा आणि रात्रीची गस्त ही सारी कोतवालाची कामे. रात्री तोफ सुटली की रस्त्यावर माणूस दिसता कामा नये. दिसला तर त्याची रात्र चावडीत. १७७७ ते १७९१ या काळातील घाशीराम कोतवालाच्या अंमलाचे जुलूम आपणा सर्वांना नाटकामुळे ठाऊक झाले आहेत, पण तोफेची व्यवस्था जुलमाच्या आधीची आणि नंतरचीही आहे. गावोगावी हेच काम रामोशी आणि जागल्या करीत. चोरीचा माग काढणे ही त्यांची जबाबदारी, आणि माग न लागल्यास भरपाईचे ओझेही त्यांच्या अंगावर येई. म्हणजे दुकानदार फळी लावी ती ऊन, वारा, गुरे आणि कुत्री यांच्यासाठी. चोरासाठी गावाने माणूस नेमलेला असे. हा भेद ध्यानात ठेवावा, पुढे तो कामाला येणार आहे.

इंग्रजी अंमलात नियमांची दिशा बदलली. सरकारला दुकानदाराच्या मालाची नव्हे, रस्त्याची काळजी होती. मुंबई महापालिकेचा १८८८ चा कायदा काढून पाहा. त्यात तळमजल्याचे दार, फाटक अथवा खिडकी परवानगीवाचून रस्त्याच्या अंगास बाहेर उघडेल अशी बसवू नये, असे बंधन आहे. तेच तत्त्व पुढे १९४९ च्या मुंबई प्रांतिक महापालिका कायद्यात आले, आणि याच कायद्याखाली १९५० साली पुण्याची महापालिका अस्तित्वात आली. ओटा, पायरी, छपरी, पडदा, लटकती पाटी, जे जे रस्त्यावर डोके काढील ते ते परवानगीच्या कक्षेत आले. जुन्या दुकानाचा सगळा जीव ओट्यात होता. गिऱ्हाईक ओट्यावर टेके, पाणी मागे, दोन घटका बोले, मग भाव विचारी. रस्तारुंदी आली तेव्हा पहिला गेला तो ओटा, आणि ओट्याबरोबर गादीही गेली. दुकानदार आत सरकला, गिऱ्हाईक उभे राहिले.

अशा वेळी लोखंडी गुंडाळी दार, म्हणजे आपले शटर, बाजारात आले. विलायतेत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच हे यंत्र निघाले होते. पत्र्याच्या अरुंद पट्ट्या एकमेकींत अडकवलेल्या, वर एक आडवा दांडा, दांड्यात कमानी, म्हणजे स्प्रिंगा. खाली ओढताना कमान ताणते, वर सोडताना तीच कमान वजन उचलते. म्हणून बारा वर्षांचे पोरही एका हिसक्यात दुकान उघडते. कायद्याच्या दृष्टीने तर हे दार आदर्शच. ते बाहेर उघडत नाही, आत उघडत नाही, रस्त्याची तसूभर जागा घेत नाही. फळ्या ठेवायला कोपरा लागे, तोही वाचला. शटर कायद्यामुळे आले असे आमचे म्हणणे नाही. ते सोयीमुळे आले. पण जो कायदा फक्त रस्त्याची रुंदी मोजत होता त्याला या दारात खोट काढायला जागाच नव्हती, आणि म्हणून ते कोणाच्याही नजरेत न येता गावभर झाले.

आता देहूरोडकडे येऊ. तुकोबांचे देहू निराळे आणि देहूरोड निराळे, हे येथल्या माणसाला सांगावे लागत नाही, पण बाहेरच्याला नेहमी सांगावे लागते. रेल्वेचे स्थानक, देहूकडे जाणारा रस्ता, आणि लष्कराची दारूगोळ्याची व सामानाची कोठारे, यांभोवती हे गाव जमले. १९५४ च्या २५ डिसेंबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथे बुद्धमूर्तीची स्थापना केली. नागपूरच्या धर्मांतराच्या जवळजवळ दोन वर्षे आधी. त्या तिथीला येथे जी माणसे लोटतात ती याच बाजारातून जातात. छावणी मंडळाची स्थापना १९५८ सालची. तेव्हा हा बाजार पुण्याच्या रविवार पेठेइतका पुरातन नाही, हे आम्ही आधीच कबूल करतो. पण बाजाराचे ऐतिहासिकपण केवळ वयावर मोजायचे नसते. तो कोणत्या कायद्याच्या साच्यात ओतला गेला हाही इतिहासच आहे.

छावणीचा साचा वेगळा आहे. १८६४, १८८९, १९१०, १९२४ आणि २००६ अशी छावणी कायद्यांची परंपरा आहे. १९२४ च्या कायद्यानुसार मंडळाच्या लेखी परवानगीवाचून इमारतीला रस्त्यावर येणारा कोणताही पुढावा जोडता येत नसे. जमिनीचा कारभार १९२५ आणि १९३७ च्या छावणी जमीन नियमांनी चाले. पेठेतला दुकानदार बहुधा आपल्या खणाचा मालक असे. छावणीतल्या बाजाराचा दुकानदार अनेकदा पट्ट्यावर बसलेला, आणि जमीन सरकारची. त्यात देहूरोडला दारूगोळ्याच्या कोठारामुळे १९०३ च्या संरक्षणविषयक बांधकाम कायद्याची बंधने. दोन हजार यार्डांची ती लाल रेषा येथे आणि शेजारच्या निगडी-तळवडे भागात किती घरांतून गेली आहे हे श्रोत्यांना आमच्याहून अधिक ठाऊक आहे. भिंत बदलायची तर परवानगी, मजला चढवायचा तर नकार. अशा ठिकाणी दुकानदाराच्या हाती आपले म्हणून उरते काय? तर पाटी आणि शटर. म्हणून या गावात शटराचा रंग हा काही क्षुल्लक विषय नाही.

कोतवालाची तोफ गेली, पण वेळेचा नियम गेला नाही. १९४८ च्या मुंबई दुकाने व संस्था कायद्याने दुकान केव्हा उघडावे, केव्हा मिटावे आणि आठवड्यातून एक दिवस ते बंद ठेवावे, हे ठरवून दिले. यातला हेतू मात्र तोफेच्या अगदी उलट होता. तोफ चोरासाठी होती, हा कायदा गुमास्त्यासाठी होता. मालक रात्री दहापर्यंत फळ्या लावू देत नसे, त्या नोकराला घरी जाता यावे म्हणून सरकारने मालकाच्या फळीला हात घातला. २०१७ च्या महाराष्ट्राच्या नव्या कायद्याने बहुतेक दुकानांना चोवीस तास उघडे राहण्याची मोकळीक दिली. २०२२ साली त्यात दुरुस्ती होऊन लहान दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली. देवनागरी अक्षर इतर लिपीच्या अक्षराहून लहान असता कामा नये, इतक्या बारकाव्याने ते लिहिले आहे. आम्हांला त्याचा आनंदच आहे. पण गंमत पाहा. पाटीच्या अक्षराची उंची कायद्याने मोजली; तिच्याखालच्या शटराच्या रूपाविषयी त्या कायद्यात एक अक्षर नाही. रात्रभर रस्त्याला दिसते ते शटर, आणि पुष्कळदा त्यावर दुकानदाराचे नावही नसते. कुठल्या तरी सिमेंटची किंवा रंगाची जाहिरात असते.

शटर हे राज्यकर्त्यांचे हत्यार कसे होते, हे २०२० साली सर्वांनी पाहिले. मार्चमध्ये देशभर बाजार मिटले. जूनमध्ये राज्यात सवलत आली तीही एका बाजूची दुकाने एका दिवशी आणि दुसऱ्या बाजूची दुसऱ्या दिवशी, अशी. समोरासमोरच्या दोन सोनारांनी एकमेकांचे उघडे दुकान पाहायचे नाही, असा तो काळ. पुण्याच्या आजोबांना १८९७ च्या प्लेगात कुलुपे फोडून घरांत शिरलेले गोरे सोजीर आठवत. त्यांच्या पणतवंडांना आपल्याच हाताने ओढलेले शटर आठवेल. दोन्ही गोष्टी एका तराजूत घालता येत नाहीत, हे उघड आहे. परंतु दाराचा अधिकार संकटात कोणाकडे जातो हे दोन्हींवरून कळते.

आता रूपाच्या नियमांविषयी. मुंबईच्या दादाभाई नौरोजी रस्त्यावर, म्हणजे जुन्या हॉर्नबी रोडवर, १८९६ च्या नियमाने इमारतींच्या तळाशी सलग कमानींची पडवी ठेवणे भाग पडले. इमारती नाना शैलींच्या, पण खालून चालणाऱ्याच्या डोक्यावर छाया एकच. शंभर वर्षांनी त्या कमानी पाट्या, पत्रे आणि खोकी यांनी इतक्या झाकल्या गेल्या की कमान आहे हेच कळेनासे झाले. १९९५ साली मुंबईला वारसा नियमावली मिळाली. त्यानंतर वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी या रस्त्याच्या पाट्या आणि दर्शनी भाग यांची आखणी करून दिली: पाटी कमानीच्या आत बसावी, दगड झाकू नये. दुकानदार आधी कुरकुरले, मग त्यांचीच संघटना उभी राहिली. आमच्या मते या हकिकतीतला खरा धडा दगडाचा नाही. नियम वरून आला तेव्हा कमान झाकली गेली. दुकानदाराला बोलावून दाखवले तेव्हा ती उघडी झाली.

न्यूयॉर्कने २००९ साली याहून पुढचे पाऊल टाकले. ठराविक प्रकारच्या दुकानांना २०११ च्या जुलैपासून बसवायचे नवे शटर आरपार दिसणारे हवे, किमान सत्तर टक्के उघडे; आणि जुन्यांना २०२६ च्या जुलैपर्यंत मुदत. कारण असे की भरीव पत्र्यावर रंगाचे फराटे ओढले जातात; शिवाय आत आग लागली किंवा चोर शिरला तर बाहेरून कळत नाही. शटर उचकटून चोरी, हे वाक्य आपल्या वर्तमानपत्रांत आठवड्याला वाचायला मिळते. एकदा चोर आत शिरला आणि त्याने पत्रा पुन्हा खाली ओढला, की तो पत्रा दुकानदाराचे नव्हे, चोराचे रक्षण करतो. रामोशाच्या जागी पत्रा बसवला, पण पत्र्याला डोळे नसतात. जाळीच्या शटरातून आतला दिवा दिसतो आणि रस्त्यालाही उजेड मिळतो. सोनाराला ते परवडणार नाही, हे आम्ही मान्य करतो. किराणा दुकानाला, शिंप्याला, पुस्तकवाल्याला परवडेल.

हा विषय आजच काढण्याचे कारण आहे. छावण्यांचे मुलकी भाग नगरसंस्थांच्या स्वाधीन करण्याचे धोरण केंद्राने घेतले असून २०२३ च्या एप्रिलमध्ये हिमाचलातील योल येथून त्याला आरंभ झाला. देहूरोडचाही विचार त्यात निघालेला आहे. शेजारी १९८२ पासूनची पिंपरी-चिंचवड महापालिका आहे. दोन कायद्यांच्या हद्दी बदलतात तेव्हा दुकानाचा दर्शनी भाग मधल्या फटीत पडतो. छावणीचा पुढाव्याचा नियम उठला आणि महापालिकेचा अजून लागला नाही, अशा सहा महिन्यांत रस्ता चार फुटांनी अरुंद झालेला असतो, आणि मग तो मोकळा करायला पथक येते. ते पथक कोणाच्या पायऱ्या तोडते हेही ठरलेले असते: ज्याचा पट्टा संपला आहे त्याच्या.

तेव्हा हस्तांतराची कागदपत्रे व्हायच्या आधी बाजारातल्या प्रत्येक गाळ्याची पायरी, छपरी आणि दार मोजून, छायाचित्रासह एक वही करावी. तिची एक प्रत मंडळाच्या दप्तरात, एक वाचनालयात आणि एक दुकानदारांच्या हाती असावी. काम फार नाही. चार शिकलेली मुले, एक मोजपट्टी आणि दुकाने वाढवण्यापूर्वीची संध्याकाळची वेळ. शटर खाली यायच्या आत आतले दार, उरलीच असेल तर उंबऱ्यातली जुनी खाच, हीसुद्धा मोजून घेता येईल.