पोलीस पाटलाला संघटना, शिपायाला फक्त अर्ज

वेळ नदीकाठच्या तळेगाव ढमढेरेत कायदा-सुव्यवस्थेचा पहिला भार दोघांवर असतो. एक गावातच राहणारा पोलीस पाटील, दुसरा शिक्रापूर पोलीस ठाण्यातून येणारा शिपाई. अकस्मात मृत्यू झाला, बांधावरून डोकी फुटली, की ठाण्याला खबर देतो पाटील आणि पंचनाम्याला येतो शिपाई. दोघांचे काम एकमेकांत गुंतलेले असले, तरी स्वतःचे गाऱ्हाणे मांडायची वेळ आली की त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. पाटलामागे राज्यभर पसरलेली संघटना उभी राहते. शिपायाच्या हाती उरतो तो वरिष्ठांमार्फत पाठवायचा अर्ज. हा फरक शिस्तीसाठी अटळ आहे असे आपण धरून चाललो आहोत. इतिहास तपासला तर तो फरक मुख्यतः १९८२ सालच्या एका धसक्याने कायम केलेला दिसतो, आणि आता तो दूर करणे राज्याच्या हिताचे आहे.

आधी पाटलाचे पाहू. पाटीलकी पूर्वी वतनाची होती. १९६२ च्या कायद्याने वंशपरंपरागत पाटीलकी संपली आणि १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने आजचा पोलीस पाटील घडवला: नेमणुकीचा, मानधनाचा, ठराविक मुदतीचा. वतन गेले तशी वतनाची मिळकतही गेली, आणि मानधनाचा प्रश्न उभा राहिला. पाटलांनी तो संघटनेच्या बळावर लढवला. अधिवेशने भरवली, मोर्चे काढले, आमदार-मंत्र्यांना निवेदने दिली. २०१९ मध्ये मानधन तीन हजारांवरून साडेसहा हजारांवर गेले आणि मार्च २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने ते पंधरा हजार केले. या साऱ्या काळात गावचा बंदोबस्त कोलमडला, असे कुठे झाले नाही.

शिपायाची गोष्ट वेगळ्या कायद्यांत लिहिलेली आहे. १९५१ च्या महाराष्ट्र (पूर्वीच्या मुंबई) पोलीस अधिनियमाच्या २८ व्या कलमानुसार पोलीस नेहमीच कामावर आहे असे समजले जाते. त्यामुळे आठ तासांचा दिवस हा त्याचा हक्क होत नाही, मिळाला तर ती साहेबांची मेहरबानी. शिरूर-दौंड भागात याचा अर्थ उघड दिसतो. १ जानेवारीला पेरणे-कोरेगाव भीमाचा बंदोबस्त, फाल्गुन अमावास्येला वढू बुद्रुकला संभाजी महाराजांची पुण्यतिथी, आषाढीच्या आधी यवत-वरवंडमार्गे जाणारी तुकोबांची पालखी, शिवाय गणपती, जत्रा, निवडणुका आणि सणसवाडी-रांजणगावच्या कारखानदारीने वाढलेली वस्ती. मोठा बंदोबस्त लागला की रजा बंद होतात आणि साप्ताहिक सुट्टी कागदावर राहते. दौंडला तर राज्य राखीव पोलीस दलाचे गट क्रमांक ५ आणि ७ आहेत. तिथल्या जवानांची कुटुंबे दौंडला आणि जवान महिनोन्महिने भलत्याच जिल्ह्यात, हा त्या नोकरीचा नेमच आहे. एवढे असूनही १९६६ च्या पोलीस दले (हक्कांवर निर्बंध) अधिनियमाने त्यांच्या संघटनेवर लगाम घातला. मात्र या कायद्याचे तिसरे कलम नीट वाचायला हवे. सरकारच्या किंवा ठरवून दिलेल्या अधिकाऱ्याच्या स्पष्ट मंजुरीशिवाय संघटनेत सामील होऊ नये, असे ते सांगते. म्हणजे संघटना मुळातच निषिद्ध नाही. ती परवानगीने चालू शकते.

महाराष्ट्रात ती काही काळ चाललीही. १९७७ साली धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय पोलीस आयोग नेमला गेला. १९७९ च्या पहिल्याच अहवालात त्याने शिपायांच्या १० ते १६ तासांच्या दिवसाची आणि तक्रार निवारणाच्या अभावाची दखल घेतली. त्याच वर्षी पंजाबपासून तामिळनाडूपर्यंत पोलिसांत असंतोष उफाळला आणि त्या लाटेत महाराष्ट्र पोलीस कर्मचारी संघटनेने जोर धरला. तिच्या मागण्या रोजच्या जगण्यातल्या होत्या: पगार, कामाचे तास, घरे, आणि अधिकाऱ्यांच्या बंगल्यावर ऑर्डर्ली म्हणून घरकामाला जुंपले जाण्यातून सुटका. मुंबईतले कितीतरी शिपाई वरळी-नायगावच्या बीडीडी चाळींत राहत. शेजारी गिरणी कामगार होते आणि जानेवारी १९८२ पासून त्यांचा संप चालू होता. १५ ऑगस्ट १९८२ ला पोलिसांनी काळ्या फिती लावल्या. बाबासाहेब भोसले यांच्या सरकारने संघटनेची मान्यता काढून घेतली आणि १८ ऑगस्टला पुढाऱ्यांना अटक केली. मग पोलीस रस्त्यावर आले, मध्य मुंबईत जाळपोळ व लुटालूट झाली आणि शेवटी लष्कराला पाचारण करावे लागले. अनेकांची नोकरी गेली. त्यानंतर पोलिसांची संघटना म्हणजे बंड, हे समीकरण सरकारदरबारी पक्के झाले.

पहिला आक्षेप याच घटनेचा असतो: ज्यांच्या हाती बंदूक आहे त्यांना संघटना दिली की काय होते ते मुंबईने पाहिले. त्या दिवशी दंगलीत सामील झालेल्या पोलिसांचे समर्थन कुणी करू नये. लोकांची दुकाने लुटली जात असताना वर्दीतला माणूस बघत राहिला असेल, तर तो गुन्हाच. पण क्रमाकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. काळ्या फिती लावल्या तेव्हा संघटना होती, पुढारी होते आणि त्यांच्याशी बोलणे शक्य होते. शहर पेटले ते मान्यता गेल्यावर आणि पुढारी तुरुंगात गेल्यावर, म्हणजे जमावाला आवरू शकणारे कुणी उरले नव्हते तेव्हा. इंग्लंडने १९१८ आणि १९१९ मध्ये पोलिसांचे संप पाहिले. तिथल्या १९१९ च्या कायद्याने पोलिसांना कामगार संघटनेत जाण्यास मज्जाव केला, पण त्याच कायद्याने पोलीस फेडरेशन ही कायदेशीर प्रतिनिधी संस्थाही दिली. आपण मज्जाव तेवढा उचलला.

दुसरा आक्षेप असा की संघटना नसतानाही सुधारणा होतातच. होतात, पण कशा ते पाहावे. मुंबईत २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला. त्याची कल्पना एका शिपायाची होती आणि ती ऐकून घेणारे आयुक्त दत्ता पडसलगीकर होते. २०२२ मध्ये अंमलदारांच्या किरकोळ रजा १२ वरून २० झाल्या. दोन्ही निर्णय चांगले. पण शिपायाचे शहाणपण आयुक्तांच्या कानापर्यंत पोचणे हा योगायोग ठरावा, ही व्यवस्था नव्हे. अधिकारी बदलला की प्रयोग विरतो. वरिष्ठ अधिकारी भरवतात त्या दरबारात गाऱ्हाणे मांडायची सोय आहे, पण तिथे प्रत्येक जण एकटा उभा असतो आणि समोर बसलेल्याच्याच हाती त्याची बदली व गोपनीय अहवाल असतो. महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणातही (मॅट) दाद मिळते ती ज्याच्या त्याच्या प्रकरणापुरती.

तिसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे: संघटना झाली की ती कसूरदारांना पाठीशी घालील आणि राजकीय पक्ष तिच्यात शिरतील. ही भीती अनाठायी नाही. म्हणून संघटनेच्या मर्यादा कायद्यातच आखाव्यात: संपाचा हक्क नाही, पक्षाशी नाते नाही, कोठडीतील मारहाण किंवा लाचेच्या चौकशीत हस्तक्षेप नाही. केरळात १९७९ पासून पोलिसांची संघटना सरकारच्या मान्यतेने काम करते आहे. तिच्यावर पक्षीयतेचे आरोप झाले, पण केरळचे पोलीस दल मोडून पडले नाही. उलट बाजूही लक्षात घ्यावी. सोळा तास उभा राहिलेला, मुलाच्या आजारपणात रजा नाकारलेला शिपाई तक्रार घेऊन आलेल्या बाईशी ज्या आवाजात बोलतो, त्याची किंमत गाव मोजते. पोलिसांच्या हक्कांचा प्रश्न म्हणूनच फक्त पोलिसांचा राहत नाही.

राज्याने करायचे ते फार मोठे नाही. १९६६ च्या कायद्यातली मंजुरीची तरतूद वापरून जिल्हावार निवडून आलेल्या प्रतिनिधींची सभा मान्य करावी. कामाचे तास, घरे, रजा आणि बंदोबस्ताच्या भत्त्यांवर अधीक्षकांनी ठराविक मुदतीत तिच्याशी बोलावे आणि मतभेद राहिले तर लवादाकडे जावे. पुणे ग्रामीणसारख्या जिल्ह्यात, जिथे वर्षभर बंदोबस्त संपत नाही, तिथूनच सुरुवात व्हावी. तळेगाव ढमढेरेच्या पोलीस पाटलाला आपली बाजू संघटितपणे मांडता येते आणि त्याने गावाचे काही बिघडले नाही. त्याच्या खबरीवर रात्री-अपरात्री धावून येणाऱ्या शिपायालाही तेवढा विश्वास दाखवायला हवा.