लेनिनग्राडची सातवी आणि एक पांढरं सभागृह

सेंट पीटर्सबर्गला गेलो तेव्हा आम्हाला सर्वांत जास्त ओढ होती ती नेव्स्की रस्त्याजवळच्या एका सभागृहाची, फिलहार्मोनियाच्या मोठ्या हॉलची. आत पांढरे खांब, वर स्फटिकाची आठ झुंबरं. १८३९ साली हे बांधलं उमरावांच्या सभेसाठी. फिलहार्मोनियाकडे आलं ते क्रांतीनंतर. चायकोव्स्कीने १८९३ मध्ये आपली सहावी सिंफनी स्वतः संचालन करून पहिल्यांदा इथेच ऐकवली आणि नऊ दिवसांनी तो गेला.

पण आमच्या डोक्यात होती ९ ऑगस्ट १९४२ची संध्याकाळ. शहराला जर्मन वेढा पडून अकरा महिने झाले होते. आधीच्या हिवाळ्यात लहान मुलांच्या वाट्याला दिवसाला १२५ ग्रॅम पाव, आणि त्यातही भेसळ. शोस्ताकोविचने सातवी सिंफनी याच शहरात लिहायला घेतली होती. तिची स्वरलिपी आता विमानाने वेढ्याच्या आत आणली गेली. फिलहार्मोनियाचा नामांकित वाद्यवृंद सायबेरियात हलवलेला. मागे उरला रेडिओचा वाद्यवृंद आणि त्याचे संचालक कार्ल एलियासबर्ग. पहिल्या तालमीला जेमतेम पंधराएक वादक आले. उपाशी माणसाला तुतारी फुंकायला छातीत दम कुठून येणार? मग सैन्यातून वादक मागवले, जादा शिधा दिला गेला. कार्यक्रमाच्या आधी सोव्हिएत तोफांनी जर्मन तोफखान्यावर मारा केला, त्या वेळेपुरत्या त्यांच्या तोफा गप्प राहाव्यात म्हणून. सिंफनी ध्वनिक्षेपकांवरून शत्रूच्या आघाडीपर्यंत ऐकवली.

आता आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेलं, तेव्हा शंका येणारच. हा सरकारी प्रचार नव्हता का? होता. हुकूम होता, आणि शिधाही होता. कित्येक वादक त्या शिध्यासाठीच तालमीला आले असतील; त्यात लाज कसली? ‘संगीताने भुकेवर मात केली’ असं आपल्याकडे फार सहज लिहितात, ते आम्हाला पटत नाही. भूक होतीच, ती पोटात ठेवून ही माणसं सव्वा तासाची सिंफनी शेवटच्या स्वरापर्यंत वाजवत होती, एवढंच आम्ही म्हणू.

युद्ध संपलं, मोठा वाद्यवृंद परतला, आणि एलियासबर्ग मागे पडले. २७ जानेवारी १९६४ला, वेढा उठल्याला वीस वर्षं झाली तेव्हा, हयात असलेले वादक याच हॉलमध्ये पुन्हा जमले. संचालक तेच, सिंफनी तीच. शोस्ताकोविच श्रोत्यांत बसले होते.