भूक शहाणी असते का?

‘पानात काही टाकायचं नाही’ हे ऐकतच आपण मोठे झालो. आता मधल्या सुट्टीत मुलांचे डबे पाहताना आपणही तेच सांगतो. अन्न वाया जाऊ नये हा विचार रास्तच आहे. पण किती खायचे हे मुलाचे पोट ठरवते की पानात वाढलेले अन्न, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतील एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी तो विचारला होता. त्यांच्या प्रयोगाची ही हकीगत.

तो काळ जीवनसत्त्वांच्या शोधाचा होता. मुलाला काय, किती आणि किती वाजता भरवावे याचे तक्ते डॉक्टर मंडळी आयांच्या हाती देऊ लागली होती. आया तक्ता पाळायच्या आणि मुले तोंड फिरवायची. ‘मूल जेवत नाही’ ही तक्रार दवाखान्यांत नेहमीची झाली. डॉ. क्लॅरा डेव्हिस यांना शंका आली, की चूक मुलाची नसून तक्त्याची तर नसेल?

१९२६ साली क्लीव्हलँड येथील एका रुग्णालयात त्यांनी प्रयोग सुरू केला. सात ते नऊ महिन्यांची, दूध नुकतेच सुटत असलेली तीन बाळे त्यांनी निवडली. दुधाखेरीज दुसरे अन्न त्यांनी चाखलेले नव्हते. म्हणजे आवडीनिवडी अजून बनायच्या होत्या. पुढे हे काम शिकागोत चालले. एकूण १५ मुलांचा अभ्यास झाला, त्यातील काहींचा तर चार वर्षांहून अधिक काळ.

पदार्थांची यादी ३४ जिन्नसांची होती. दूध, आंबवलेले दूध, फळे, भाज्या, धान्ये, अंडी, मासे, मांस, कलेजी, भेजा असे सगळे साधे अन्न. साखर नाही, डबाबंद काही नाही, दोन पदार्थ एकत्र केलेले नाहीत. मीठसुद्धा वेगळ्या वाटीत. परिचारिकेने चमचा हातात धरून गप्प बसायचे. मुलाने एखाद्या वाटीकडे हात केला तरच चमचा भरायचा, आणि त्याने तोंड उघडले तरच भरवायचा. ‘हे खा’ म्हणायचे नाही, शाबासकी नाही, रागावणे नाही. मुलाने थांबायचे ठरवले की ताट उचलायचे.

सुरुवातीला मुलांनी सगळेच तोंडात घालून पाहिले. काही थुंकूनही टाकले. थोड्याच दिवसांत प्रत्येकाची आवड ठरली, पण ती दुसऱ्याशी जुळेना. एखादे बाळ सकाळी कलेजी आणि संत्र्याचा रस घेई, रात्री अंडी, केळी आणि दूध! एकेक जेवण पाहिले तर आहारतज्ज्ञाने कपाळाला हात लावावा. पण बरेच दिवस एकत्र पाहिले तर हिशेब बरोबर जुळे. मुलांची वाढ उत्तम झाली. एका मुडदूस झालेल्या बाळाच्या ताटात कॉड माशाच्या यकृताचे तेल ठेवले होते. हाडे बरी होईपर्यंत ते अधूनमधून पीत राहिले आणि नंतर त्याने ते सोडून दिले. अर्थात एका बाळावरून नियम मांडता येत नाही.

या प्रयोगाला काळी बाजूही आहे. ही मुले पोसणे अशक्य झालेल्या, निराधार आयांची होती आणि ती वर्षानुवर्षे रुग्णालयात वाढली. आज असा प्रयोग कोणी करू देणार नाही. तुलनेसाठी दुसरा गटही नव्हता.

मग शरीराला हे कळते कसे? १९१२ साली वॉल्टर कॅनन यांच्या वॉशबर्न या विद्यार्थ्याने नळीला जोडलेला फुगा गिळला. भुकेची कळ आणि जठराचे आकुंचन एकाच वेळी होते असे त्यातून दिसले. पण जठर काढून टाकलेल्या माणसालाही भूक लागते, हे पुढे कळले. १९९४ साली चरबीच्या पेशींतून निघणारे लेप्टिन आणि १९९९ साली मुख्यतः जठरातून निघणारे घ्रेलिन ही संप्रेरके सापडली. पहिले मेंदूला शरीरातील साठ्याची खबर देते, दुसरे जेवणाची वेळ झाल्याची.

‘मुलांना हवे ते खाऊ द्या’ असा अर्थ अनेकांनी डेव्हिसबाईंच्या प्रयोगातून काढला. त्यांनी स्वतः १९३९ साली बजावले होते, की खरी मेख पदार्थांच्या यादीतच आहे. यादीत निकृष्ट अन्न नव्हतेच. प्रक्रिया केलेले पदार्थ ठेवून पुन्हा प्रयोग करायचा त्यांचा बेत होता, पण मंदीत पैसा आटला आणि तो राहून गेला.

त्याचे उत्तर बऱ्याच अंशी २०१९ साली मिळाले. केविन हॉल आणि सहकाऱ्यांनी २० प्रौढांना दोन आठवडे साधे अन्न आणि दोन आठवडे कारखान्यात बनलेले तयार अन्न दिले. वाढलेल्या अन्नातील उष्मांक, साखर, मेद, तंतू सारखेच होते आणि हवे तेवढे खायची मुभा होती. तयार अन्नावर माणसे दिवसाला सुमारे ५०० किलोकॅलरी जास्त खाऊन गेली. भूक तीच, ताट बदलले.

आणि पानात टाकू नये, त्याचे काय? १९८७ साली लिॲन बर्च आणि सहकाऱ्यांनी बालवाडीच्या मुलांचे दोन गट केले. एकाला पोटाकडे लक्ष द्यायला शिकवले, दुसऱ्याला ताट रिकामे केल्याबद्दल बक्षीस दिले. नंतर जेवणाआधी जड खाऊ दिला, तेव्हा पहिल्या गटाने जेवण कमी घेतले. दुसऱ्या गटाला तसा फरक करता आला नाही.

यावरून आम्हाला वाटते, की ताटात काय असावे ही जबाबदारी मोठ्यांची, किती खावे हे मुलाचे. (आजारी किंवा कुपोषित मुलाची गोष्ट निराळी, त्याची भूकच मंदावलेली असते.) अन्न वाया जाऊ नये म्हणून आधी थोडे वाढावे आणि मागितले तर पुन्हा द्यावे. वर्गात एक सोपा उपक्रमही करता येईल. आठवडाभर मुलांनी प्रत्येक खाण्यासमोर वहीत लिहावे: भूक लागली म्हणून खाल्ले, वेळ झाली म्हणून, की समोर दिसले म्हणून? आपणही एक वही घालावी.