पेटीवादकाची घडण

सोलापूर जिल्ह्यातील माढ्यासारख्या तालुक्यातील स्वरपट्टीच्या वाद्यांचा इतिहास पाहताना पियानोवादकापेक्षा पेटीवादकाच्या घडणीचाच विचार करावा लागतो. कारण वजनाने अवजड आणि वरचेवर सुरात लावून घ्यावा लागणारा पियानो मुख्यतः मुंबईतील युरोपीय व पारशी घरांत आणि गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबांत राहिला, तर हार्मोनियम, म्हणजेच पेटी, फिरत्या कलावंतांच्या सामानातून गावोगाव पोचली. माढा तालुक्यातील कुर्डुवाडी १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वेने बार्शीशी आणि १९०६ मध्ये पंढरपूरशी जोडली गेली, तेव्हा अशा प्रवासाला लोहमार्गाचीही सोय झाली.

पियानो शिकणाऱ्या युरोपीय मुलाचे दोन्ही हात चेर्नीसारख्या संगीतकारांच्या स्वरपाठांवर घोटले जात. हातपेटीवर मात्र डावा हात भात्यात, म्हणजे वारा भरणाऱ्या घडीत, गुंतत असल्याने सारी तयारी उजव्या हाताची आणि त्याहून अधिक कानाची असे. गायकाची तान कोठे वळेल हे ओळखून, त्याच्या मागे अवघा क्षणभर राहून ती उमटवणे म्हणजे संगत. आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकण्याची मींड या वाद्यावर शक्यच नसल्याने, तिचा आभास बोटांच्या हलक्या गुंफणीतून निर्माण करावा लागे. हे कसब पुस्तकातून येणारे नव्हते.

त्याचे सर्वांत बोलके उदाहरण कोल्हापूरजवळच्या सांगवडे येथे १८८१ साली जन्मलेल्या गोविंदराव टेंबे यांचे आहे. पेटीचे रीतसर शिक्षण फारसे न मिळता ते कोल्हापूरच्या देवल क्लबातील संगीताच्या सहवासात वाढले, ख्यालगायक भास्करबुवा बखले यांना त्यांनी गुरू मानले आणि ख्यालगायक अल्लादियाखाँ यांच्या गायकीचा खोल संस्कार त्यांच्यावर झाला. म्हणजे वाद्य पेटी असले तरी विद्या ख्यालगायकांची होती. म्हणूनच १९११ साली किर्लोस्कर नाटक मंडळीच्या ‘मानापमान’ नाटकाला चाली देताना हा पेटीवादक सहजपणे संगीतकार झाला, आणि १९१३ मध्ये बालगंधर्व व गणपतराव बोडस यांच्यासह गंधर्व नाटक मंडळीच्या संस्थापकांत त्याची गणना झाली. टेंबे यांच्या कर्तृत्वातील हा टप्पा त्यांच्या स्वतंत्र पेटीवादनाइतकाच मोलाचा मानला पाहिजे.

पेटीचे स्वर ठरीव असल्याने श्रुती, म्हणजे स्वरांतील सूक्ष्म अंतरे, तिच्यावर नेमकी लागत नाहीत, हा आक्षेप खोटा नव्हता. परंतु त्यामुळे १९४० मध्ये आकाशवाणीने तिच्यावर घातलेली आणि सुमारे तीन दशके टिकलेली बंदी संगतकारांच्या कित्येक वर्षांच्या साधनेवर अन्याय करणारी ठरली. श्रुतींच्या या वादापासून दूर, माढा तालुक्यातील मोडनिंब ज्या कला केंद्रांसाठी ओळखले जाते, तेथील संगीतबारीत, म्हणजे बैठकीच्या लावणीच्या कार्यक्रमात, पेटीवाल्याची परीक्षा मात्र लावणी गाणारीच घेते.