प्रौढांची इंग्रजी आणि व्यवसाय शिक्षण : नांदेड-लातूरच्या संदर्भात

व्यवसाय शिक्षणाला इंग्रजीची जोड देणे म्हणजे वेळापत्रकात भाषेचा आणखी एक तास वाढविणे नव्हे. वीजजोडणी, शिवणकाम वा रुग्णसेवा शिकत असताना त्या कामास लागेल तेवढी इंग्रजी त्या कामातूनच आत्मसात करविणे, असा तिचा अर्थ आहे. नांदेड व लातूर या जिल्ह्यांतील प्रौढांच्या संदर्भात या पद्धतीचा आम्ही येथे विचार करीत आहोत.

‘लातूर पॅटर्न’ म्हटले की दहावी-बारावीचे गुणवंत डोळ्यांपुढे येतात. आमचा विषय आहे तो त्या पॅटर्नच्या बाहेर राहिलेल्यांचा. महाराष्ट्रातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली ती २००० साली. तत्पूर्वी ती पाचवीपासून असे. साहजिकच, आज पस्तिशी ओलांडलेल्या ज्या स्त्रीपुरुषांची शाळा चौथीतच सुटली, त्यांना शाळेत इंग्रजीची अक्षरओळखही झाली नाही.

गरज मात्र वाढत आहे. लातूरच्या रेल्वे डबा कारखान्यात पहिल्या डब्याचा सांगाडा डिसेंबर २०२० मध्ये तयार झाला. अशा ठिकाणी आराखडे आणि यंत्रांवरील सूचना बहुधा इंग्रजीत असतात. नांदेडला सचखंड हुजूर साहिबच्या दर्शनास पंजाबातून तसेच परदेशांतूनही यात्रेकरू येतात. त्यांच्याशी बोलणे हिंदीत भागते हे खरे. परंतु पारपत्रावरील नोंद व आरक्षणाचा संदेश वाचल्याखेरीज लॉजच्या कचेरीतील काम मिळत नाही.

आमच्या मते या प्रौढांना इंग्रजी मुळीच येत नाही, हे गृहीतच चुकीचे आहे. गॅरेजमधील कारागीर ‘क्लच’, ‘गिअर’, ‘वायसर’ हे शब्द दिवसभर उच्चारतो. वायरमन ‘फेज’, ‘न्यूट्रल’, ‘अर्थिंग’ बोलतो, तर शिवणकाम करणाऱ्या भगिनींच्या तोंडी ‘कॉलर’ आणि ‘शोल्डर’ असतात. शब्द जिभेवर आहेत, केवळ डोळ्यांना अपरिचित आहेत. तेव्हा धड्याचा आरंभ वर्णमालेपासून न करता सुट्या भागांच्या खोक्यापासून करावा. वायरमनसाठी पहिला धडा तर तीनच अक्षरांचा पुरे : प्लगच्या आत कोरलेली एल, एन आणि ई. ती ओळखण्यात चूक झाली तर प्रसंग जिवावर बेततो, म्हणूनच ती विसरली जात नाहीत.

ही कल्पना नवी नाही. १९६७-६८ च्या सुमारास आपल्या देशात किसान साक्षरता योजनेने अक्षरज्ञान व सुधारित बियाण्यांची शेती एकत्र आणली होती. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील महाविद्यालयांनी २००४ पासून एकाच वर्गात दोन शिक्षक नेमले : एक व्यवसायाचा, दुसरा भाषेचा. खर्च अर्थातच वाढतो. आपल्याकडील छोट्या केंद्रांना तो झेपणे कठीण. तेथे निदेशक व भाषाशिक्षक यांनी आठवड्यातून एकदा एकत्र बसून त्या आठवड्याचे शब्द ठरविले, तरी पुष्कळ साधेल.

२०१४ साली सुरू झालेल्या दीनदयाल उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेने व्यक्तिमत्त्व विकास, व्यावहारिक इंग्रजी व संगणक यांसाठी मिळून किमान १६० तास राखून ठेवले. मात्र तिच्या मूळ नियमांत सर्वसाधारण वयोमर्यादा १५ ते ३५ वर्षे होती, त्यामुळे चाळिशीतील गवंडी त्यात बसत नसे. २०२२ साली आरंभ झालेल्या ‘उल्लास’ कार्यक्रमात पंधरा वर्षांवरील सर्वांना स्थान आहे आणि व्यवसाय कौशल्य हे त्याच्या पाच अंगांपैकी एक आहे. त्यातील साक्षरता मातृभाषेतून दिली जाते, हे आम्हांस योग्यच वाटते. मराठी वाचता येऊ लागलेल्या माणसाला दुसरी लिपी तुलनेने लवकर साधते.

वेळेचा प्रश्न मात्र सर्वांत बिकट आहे. कंधार-मुखेड भागातील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, कित्येक जण हैदराबादची वाट धरतात. रोजंदारी बुडवून वर्गाला बसणे कोणाला परवडणार? वर्ग सायंकाळी आणि गाळप हंगाम संपल्यावर भरवावे लागतील. परीक्षाही कामातलीच असावी : खोक्यावरील नाव वाचून योग्य सुटा भाग काढून देणे, बिलावर ग्राहकाचे नाव, तारीख व रक्कम इंग्रजीत लिहिणे आणि धोक्याची पाटी वाचून तिचा अर्थ मराठीत सांगणे.