कडबाकुट्टीचा बेल्ट तुटला? नवा घालण्याआधी हे तपासा

मोटार फिरतेय, पण कुट्टीचं चाक जागेवरच उभं, असं झालं की बहुतेक वेळा बेल्ट तुटलेला असतो. तालुक्याच्या दुकानातून नवा आणला की अर्ध्या तासात तो बसतोही. मात्र महिन्या-दोन महिन्यांत तोही गेला, तर दोष बेल्टमध्ये नाही, मशीनमध्ये शोधावा लागतो.

त्याआधी लाईटचं बघा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. लाईट गेलेली असते म्हणून माणूस बिनधास्त हात घालतो आणि नेमकी तेव्हाच लाईट येते. पिन काढून ठेवावी किंवा फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवावा. स्टार्टरला ऑटो असेल तर हे विसरूच नये. दुसरी गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. पाती लावलेलं चाक जड असतं आणि बेल्ट तुटल्यावर ते मोकळं होतं. पुलीला जरा धक्का लागला तरी पाती फिरते. त्यामुळे चाकात लाकडी ठोकळा अडकवूनच काम सुरू करावं.

बेल्टच्या पाठीवर नंबर छापलेला असतो. समजा ‘बी ६८’ असेल, तर बी म्हणजे बेल्टची जाडी-रुंदी आणि ६८ म्हणजे आतल्या बाजूची लांबी, इंचात. ए बेल्ट वरून १३ मिलिमीटर रुंद असतो, बी १७ मिलिमीटर. नंबर पुसला असेल तर तुटलेला बेल्ट सरळ पसरून आतल्या बाजूने टेपने मोजावा. जुना बेल्ट ताणलेला असतो, म्हणून माप थोडं जास्त भरू शकतं. सोपं म्हणजे तुकडाच दुकानात न्यावा. ‘बी नाही, ए चालेल’ असं कोणी म्हटलं तर घेऊ नये. व्ही बेल्ट पुलीच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींना धरून ओढतो, तळाला टेकून नाही. अरुंद बेल्ट खाली बसतो आणि घसरतो.

तारेने शिवून किंवा पट्टी मारून तो जोडायच्या भानगडीतही पडू नये. जुन्या पिठाच्या गिरणीचा सपाट पट्टा जोडता येतो, व्ही बेल्ट नाही. जोड पुलीत धडका देतो, आणि सुटला तर सरळ अंगावर येतो.

आता तुटण्याचं कारण. पुलीच्या खाचेत बोट फिरवून बघा. तळ घासून चकचकीत झाला असेल तर पुलीच झिजली आहे, त्यात कितीही नवे बेल्ट घाला. मग दोन्ही पुल्यांच्या तोंडावरून सुतळी ताणून धरावी. ती दोन्हीकडे सारखी टेकली पाहिजे. एका बाजूला फट दिसली तर मोटार वाकडी बसली आहे आणि बेल्ट एका कडेने खाल्ला जातोय. हे दोन्ही ठीक असेल तर पात्यांकडे वळा. बोथट पाती ओला घास किंवा उसाचं वाढं कापत नाही, चुरगाळते. मशीन अडतं, मोटार ओढत राहते, आणि मध्ये भाजतो तो बेल्ट. जळक्या रबराचा वास हीच त्याची खूण.

बेल्ट चढवताना स्क्रूड्रायव्हरने ओढूनताणून चढवतात. त्यात आतले धागे तुटतात, वरून काही दिसत नाही. मोटारीचे बोल्ट ढिले करून ती पुढे सरकवावी, बेल्ट हाताने घालावा, मग मोटार मागे ओढावी. दोन बेल्ट असतील तर दोन्ही एकदम बदलावे. एक जुना, एक नवा ठेवला की सगळा भार नव्यावर येतो.

ताण किती? दोन पुल्यांच्या मध्यांमध्ये अर्धा मीटर अंतर असेल, तर बेल्ट मधोमध अंगठ्याने दाबल्यावर साधारण ८ मिलिमीटर खाली जावा. फार ढिला असेल तर चित्कारतो, फार ताणला तर बेअरिंग तापतं. नवा बेल्ट पहिल्या दिवशी थोडा सैल पडतोच, तेव्हा काम झाल्यावर लाईट बंद करून पुन्हा ताण बघावा. घसरतो म्हणून ग्रीस किंवा राळ लावू नये.

व्यायामशाळेतल्या सायकलला हीच पद्धत लावायला जाऊ नका. तिथे बऱ्याचदा आतून बारीक रेघांचा चपटा बेल्ट असतो. त्याचा नंबर वेगळा, रेघाही मोजाव्या लागतात. पण जोडायचा तोही नाही.

काम संपलं की ठोकळा काढून बेल्टवरची जाळी आधी बसवा, मगच फ्यूज घाला. पदर, उपरणं, मफलर बेल्टच्या जवळ नको. एक जादा बेल्ट उन्हापासून आणि डिझेलपासून लांब टांगून ठेवावा, आणि त्याचा नंबर कुट्टीच्या अंगावर रंगाने लिहून ठेवावा; घरातलं दुसरं कोणी दुकानात गेलं तरी चुकीचा बेल्ट येणार नाही.