खतना (मुलींचा)
दाऊदी बोहरा समाजातील, साधारण सातव्या वर्षी मुलीच्या जननेंद्रियाचा भाग कापण्याची प्रथा. मुंबई, सुरत, हैदराबाद येथे या समाजाची वस्ती आहे. खाऊचे आमिष दाखवून आजी किंवा मावशी मुलीला दाईकडे नेते. ब्लेड फिरते, आणि ‘कुणाला सांगू नकोस’ असे बजावले जाते. वैद्यकीय लाभ काहीही नाही. इजा मात्र आयुष्यभराची ठरू शकते. रेहाना घडियाली यांनी १९९१ मध्ये ‘मानुषी’ या नियतकालिकात या विषयाला वाचा फोडली. २०१५ मध्ये ‘सहियो’ ही संस्था मुंबईत सुरू झाली. एका बोहऱ्याने दुसऱ्याशी बोलावे, ही तिची मोहीम मोलाची, कारण खतन्याचा निर्णय बहुधा घरातल्या बायकाच घेतात. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदीची याचिका घटनापीठाकडे सोपवली.